चार नंबरची पाठ

फोटोताईचं असं होतं, की माणूस समोर आला की तिला आधी त्याचे कान दिसायचे. दोन्ही दिसतात की नाही? हनुवटी वर आहे की खाली? चष्म्यावर उजेड चमकतोय का? एकतीस वर्षं नुसते पासपोर्टचे फोटो काढले की दुसरं काय होणार म्हणा! रस्त्यात कुणी ओळखीचं भेटून गोड हसलं, तरी हिच्या तोंडून निघून जायचं, "हसू नका. समोर बघा." माणसं बिचारी गडबडून समोर बघायची.

तिचा स्टुडिओ आणि नवऱ्याचं सलून एकमेकांना अगदी खेटून, मधल्या भिंतीला एक दार. गिऱ्हाईक एका बाजूनं झिपरं आत शिरायचं आणि दुसऱ्या बाजूनं अर्जावर डकवण्याजोगं होऊन बाहेर पडायचं. पुढं दिवस फिरले. कचेऱ्यांमध्येच फोटोची यंत्रं बसली, आणि स्टुडिओतल्या स्टुलावर सलूनचे टॉवेल वाळायला लागले. दुसरी कुणी असती तर हाय खाऊन बसली असती. हिनं कॅमेरा गळ्यात अडकवला, नवऱ्याला स्कूटर काढायला लावली आणि रेल्वेच्या सिग्नलांच्या मागे लागली.

आता सिग्नल म्हणजे ते हल्लीचे लाल-हिरव्या दिव्यांचे नव्हेत. जुने, हाताचे. उंच लोखंडी खांब, त्याच्या टोकाला एक लांब लाल फळी, फळीवर पांढरा पट्टा. त्या फळीला सगळे हातच म्हणायचे. हात आडवा असला की गाडीनं थांबायचं, हात खाली पडला की यायचं. खांबापासून केबिनपर्यंत जमिनीलगत तार गेलेली, आणि केबिनमध्ये माणूस उभा राहून लिव्हर ओढणार, तेव्हा तो हात पडणार. असे त्रेचाळीस सिग्नल त्या मार्गावर होते आणि सगळे निघणार होते. त्यांच्या जागी दिवे येणार होते. काम सुरूही झालं होतं. महिन्याला एक-दोन खांब आडवे होत होते.

फोटोताईनं दोन वर्षांत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस टिपले. आणि कसे टिपले? जन्मभर जे केलं तसेच! बरोबर समोरून, नजरेला नजर, कुठं तिरकं नाही, सावली नाही, आणि मागं स्वच्छ पांढरं. पांढरं कुठून आणायचं, तर आभाळातून. ढग एकसारखे पसरेपर्यंत ही बाई रुळांपासून लांब, कुंपणाबाहेर तिपाई लावून बसायची. एकेकदा तीन-तीन तास. झाडाची एक फांदी जरी चौकटीत डोकावली तरी तिला खपायचं नाही, लगेच जागा बदलायची. नवरा स्कूटरला टेकून जांभया द्यायचा.

"अगं, एवढं करतेस तर त्याची दाढीपण करून देऊ का?" तो विचारायचा.

"तुम्ही गप्प बसा हो. त्याला हलवू नका."

"तो लोखंडाचा आहे गं!"

पण नवरा कितीही चेष्टा करो, हा खटाटोप कुणासाठी चाललाय हे त्याला ठाऊक होतं. हिच्या वडिलांसाठी. अण्णांनी छत्तीस वर्षं फाट्यावरच्या केबिनमध्ये लिव्हर ओढल्या होत्या. दोन मार्ग जिथं एकत्र येतात तिथं, शेताच्या मधोमध, दोन मजली केबिन होती. खाली लोखंडी सांगाडा, वर काचांची खोली. तिच्या भोवतीचे आठ सिग्नल अण्णांचे. आता अण्णा ब्याऐंशीचे होते आणि लेक-जावयापाशी, स्टुडिओच्या मागच्या खोलीत राहत होते. तब्येत खणखणीत, फक्त उजवा गुडघा कुरकुरायचा. सिग्नल निघणार हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "निघायचेच." आणि त्या दिवशी जेवले नव्हते. लेकीनं ते पाहिलं होतं. तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं होतं, की सिग्नल गेले तरी आपल्या बापाजवळ ते राहिले पाहिजेत.

तर अल्बम तयार झाला. जाड पानांचा, कापडी पुठ्ठ्याचा. अण्णांचे आठ अगदी पहिल्या पानांवर. रविवारी दुपारी चहा झाल्यावर तिनं तो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसली. 

अण्णांनी चष्मा पुसला. पहिलं पान बघितलं. दुसरं बघितलं. मान डोलावली. तिसरं, चौथं. सावकाश, एकेक. मग म्हणाले, "सुरेख आलेत. अगदी सरळ उभे आहेत. कुठले गं हे?"

फोटोताईला वाटलं, चेष्टा करताहेत. "कुठले म्हणजे? तुमचेच की!"

"आमचे?"

"अण्णा, हे पहिले आठ तुमच्या केबिनचे आहेत. हा एक नंबर, हा दोन नंबर, हा तीन—"

"असेल," अण्णा म्हणाले. किती जपून म्हणाले! एखाद्या पोरानं दिलेलं चित्र बघून आपण म्हणतो ना, तसं. "तू म्हणतेस तर असेल."

झालं! दोन वर्षांची मेहनत, तीन-तीन तासांची तपश्चर्या, आणि बाप म्हणतो, असेल. फोटोताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "छत्तीस वर्षं ओढलेत तुम्ही हे! रोजच्या रोज! आणि ओळखत नाही म्हणता?"

"अगं, चिडू नकोस. मी ओढले, पण मी हे असे कधी बघितलेच नाहीत." अण्णांनी बोट फोटोवर ठेवलं. "हे तोंड आहे. हे बघायचा ड्रायव्हर. सिग्नल बाहेरून येणाऱ्या गाडीकडं बघतो, केबिनकडं त्याची पाठ असते. मला पाठ दिसायची. पाठीवर लाल नसतंच. पांढरी फळी आणि तिच्यावर काळा पट्टा. आणि हे मागं सगळं पांढरं काय आहे?"

"आभाळ."

"तेच म्हणतो. आभाळ कुठं होतं? मी वरच्या मजल्यावरून बघायचो. एक नंबरच्या मागं विटांची भट्टी होती. सहा नंबरच्या मागं तीन झाडं, त्यातलं मधलं वाळकं. त्यावरून तर कळायचं हात पडला की नाही ते. हात चार बोटांएवढाच दिसतो गं तिथून. मागचं सगळं काढून टाकलंस तर मी ओळखायचं कशावरून?"

फोटोताईनं कपाळाला हात लावला. एकतीस वर्षं ती लोकांना सांगत आली होती, चेहरा नीट दिसला पाहिजे, मागचं काही नको. आणि बापाकडं होतं ते सगळं मागचंच! बरं, तिला हे कळणार तरी कसं? ती जन्मात केबिनवर चढली नव्हती. जिन्याशी पाटी होती, बाहेरच्या माणसाला वर येण्यास मनाई. आणि अण्णांसाठी पाटी म्हणजे पाटी. स्वतःचा सख्खा मेहुणा एकदा वादळात सापडून केबिनशी आला, तर त्यालाही वर घेतलं नाही. तो जिन्याखाली भिजत उभा राहिला तासभर. त्यावरून अण्णांच्या बायकोनं आठ दिवस अबोला धरला होता. अण्णांचं एकच म्हणणं, वर माणूस आला की गप्पा आल्या, गप्पा आल्या की हात चुकतो, आणि इथं हात चुकला की दोन गाड्या समोरासमोर.

"मग पाठीकडून काढते," फोटोताई म्हणाली.

"कशाची? सात तर गेले."

ते खरंच होतं. आठातले सात कधीच भंगारात गेले होते. राहिला होता फक्त चार नंबर, पुलाकडून येणाऱ्या गाडीला आत घेणारा. तोही बुधवारपर्यंतचा पाहुणा. बुधवारी फाट्यावर दिवे सुरू होणार, केबिन बंद होणार आणि चार नंबर कापला जाणार. फोटोताईनं बोटं मोजली. मधे सोमवार आणि मंगळवार.

"चार नंबर तर चार नंबर," ती म्हणाली. "एक तरी तुमचा तुम्हाला मिळाला पाहिजे. तुम्ही बघायचा तसा, हात पडलेला."

 अल्बम मिटताना अण्णांनी विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

सोमवारी सकाळी तिघं फाट्यावर गेले, नवरा-बायको स्कूटरवर आणि अण्णा रिक्षात. केबिनमध्ये हल्ली एक तरुण बाई कामाला होती, तिला सगळे केबिनवाली म्हणत. तिनं वरूनच हाक मारली, "अहो काका, तुम्ही इथलेच ना? या की वर! चहा टाकते."

फोटोताईनं पहिल्या पायरीवर पाय ठेवलाच होता. मागून अण्णांचा आवाज आला, "खाली ये."

"अण्णा, त्या स्वतः बोलावताहेत."

"त्यांनी बोलावू नये आणि आपण जाऊ नये. मी आता बाहेरचा माणूस आहे. तू तर आहेसच."

"दोन मिनिटांचं काम आहे! गाडी नाही, काही नाही."

"गाडी नाही असं आपल्याला वाटतं." अण्णांनी काठी जमिनीवर टेकवली. "आणि हे बघ, नियम मोडून काढलेला फोटो तू आणलास तरी मी बघणार नाही. तोंड फिरवीन."

वर केबिनवाली ओशाळली. नवऱ्यानं घसा खाकरला. फोटोताई मनातल्या मनात बापाला नाही नाही ते बोलली. पण ती त्यांचीच मुलगी. पासपोर्टच्या फोटोत मोठ्यातल्या मोठ्या साहेबालाही तिनं कधी हसू दिलं नव्हतं. ती पायरीवरून उतरली.

मग खालून प्रयत्न झाले. केबिनच्या कुंपणाशी तिपाई लावून तिनं पाठीकडून चार नंबर धरला. काळा पट्टा दिसत होता खरा, पण अण्णांनी कॅमेऱ्याच्या पडद्यात बघून मान हलवली. "पाण्याची टाकी कुठंय? हात आडवा असला की टाकीच्या वर दिसायचा. पडला की टाकीवर टेकायचा. इथून टाकी झाडाआड जाते." नवऱ्यानं शेजारच्या शेतातून एक घोडा आणला, म्हणजे लाकडी, भिंती रंगवायचा. फोटोताई त्याच्यावर चढली. तरी टाकी दिसेना. नवऱ्यानं तिला खांद्यावर घ्यायची तयारी दाखवली. "पुरे," ती म्हणाली, "एक सिग्नल पडायचाय, तुम्ही मी कशाला पडायचं." मंगळवारी तर काहीच झालं नाही, दिवसभर धुरकट होतं आणि पूलसुद्धा दिसत नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी ती स्टुडिओत नुसती बसून होती. तिला रडायला येत होतं आणि रडण्यासारखं काय आहे यात, म्हणून स्वतःचाच रागही येत होता. एक खांब, त्याचा एक फोटो. पण अण्णांनी 'असेल' म्हटलेलं तिच्या कानातून जात नव्हतं. आपण बापाला काहीतरी देऊ केलं आणि त्यानं ते आपलं मन राखायला घेतलं, हे कुठल्या लेकीला सोसेल?

अण्णा मधल्या दारातून आले. हातात वर्तमानपत्र, चेहऱ्यावर मिस्कील हसू. हे हसू त्यांचं वर्षातून एखाददा बाहेर पडायचं.

"पोरी, उद्या केबिन बंद कशी होते सांग बघू."

"कशी म्हणजे? बंद करतात."

"असं होत नाही. गाड्या थांबवतात. ती मुलगी वहीत शेवटची ओळ लिहिते, सही करते, वेळ टाकते. ती सही झाली की केबिन संपली. मग ती केबिन नाहीच, नुसती खोली. आणि नुसत्या खोलीत जायला कुणाला मनाई?"

 फोटोताईनं ताडकन उठून बापाला अशी मिठी मारली की वर्तमानपत्राचा चोळामोळा झाला.

"थांब, थांब," अण्णा म्हणाले. "तिकडं सही झाली की इकडं खांब कापायला टोळी मोकळी होते. ते लोक वाट बघत थांबत नाहीत. आणि मला जिन्याच्या बावीस पायऱ्या आहेत."

बुधवारी आभाळ निळं होतं. फोटोताईनं निळं आभाळ बघून सवयीनं नाक मुरडलं आणि मग स्वतःशीच हसली. अकरापासून तिघं जिन्याशी उभे. पलीकडं, पुलाच्या बाजूला, पिवळ्या जाकिटातली टोळी चार नंबरच्या खांबाभोवती जमलेली दिसत होती. शेवटची गाडी आली. चार नंबरचा हात पडला, गाडी धडधडत गेली, हात परत आडवा झाला. अण्णा खालून बघत होते. त्यांचे ओठ हलले, पण काय म्हणाले ते कळलं नाही.

पाच मिनिटं झाली, सात झाली. मग खिडकी उघडली आणि केबिनवाली ओरडली, "सही झाली! अकरा वाजून बेचाळीस!"

"या वर म्हणतेय का?" अण्णांनी विचारलं.

"अहो काका, याच की!"

आता त्या बावीस पायऱ्यांचं काय सांगू. तिकडं टोळी खांबाला दोर लावतेय, आणि इकडं अण्णा उजवा पाय वर ठेवताहेत, डावा त्याच्याशेजारी आणताहेत, श्वास घेताहेत. पुन्हा उजवा. फोटोताईच्या नाकी नऊ आले, आणि चढत तर ते होते!

"जावईबापू, मला ढकलू नका," सातव्या पायरीवर अण्णा म्हणाले.

"ढकलत नाही, आधार देतोय."

"आधार पाठीवर देतात."

"तुम्हाला पाठीवरच घेऊन पळतो ना, अण्णा. पाऊण मिनिटाचं काम."

"छत्तीस वर्षं स्वतःच्या पायानं चढलोय. आज पोत्यासारखा जाणार नाही."

बाराव्या पायरीवर थांबा झाला. अठराव्या पायरीवर दुसरा. फोटोताईला पुढं पळत जाऊन निदान आडव्या हाताचा तरी फोटो घ्यावासा वाटत होता, पण तिनं पाय आवरला. त्यांच्या आधी वर जायचं नाही, एवढं तिला कुणी न सांगता कळत होतं. बाविसावी आली. अण्णा काचेच्या खोलीत शिरले, काठी जावयाच्या हातात दिली आणि सरळ लिव्हरींच्या रांगेपाशी गेले. इकडं तिकडं बघितलंच नाही. कोपऱ्यातलं फडकं उचललं, कारण उघड्या हातानं लिव्हर धरायची नसते, घामानं गंजते. फडकं चार नंबरवर गुंडाळलं. डावा पाय पुढं टेकवला.

"ओढू ना?" त्यांनी केबिनवालीला विचारलं. विचारल्याशिवाय ते ओढणार नव्हतेच.

"ओढा, काका."

फोटोताईनं खिडकी सरकवली, कॅमेरा डोळ्याला लावला. दूर, चार बोटांएवढा, पांढरा हात आणि काळा पट्टा. त्याच्या खाली टाकी. अगदी अण्णांनी सांगितलं होतं तसं. मागं धडाडकन आवाज झाला आणि नवरा ओरडला, "अहो, अण्णा!"

अण्णा लिव्हरसकट मागं कोलमडले होते. जावयानं वेळेवर धरलं म्हणून बरं.

"काय झालं? लागलं का?"

"हलकी आहे," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "लिव्हरला वजनच नाही. तार सोडली त्यांनी. बघायला नको, तो हलला नसेल."

हलला नव्हताच. हात आडवा तो आडवा. टोळीनं तार सोडली होती, हात हलवणारी दांडी काढली होती, आणि एक जण खांबाच्या बुडाशी गॅसची ज्योत पेटवून बसला होता. फोटोताईनं कॅमेरा खाली घेतला. संपलं, असं तिला वाटलं. तिनं आडव्या हाताचा एक फोटो काढला, कारण काहीच नसण्यापेक्षा तो बरा, आणि बापाकडं बघायचं धाडस तिला होईना.

पण केबिनवाली म्हणजे चपळ मुलगी. तिनं मोबाइल काढून टोळीच्या मुकादमाला फोन लावलाही होता. "मुकादम, दोन मिनिटं थांबा. जाळ लावू नका. इथं कुणाला तरी बोलायचंय." आणि तिनं फोन अण्णांच्या हातात कोंबला.

अण्णांनी फोन कानाला लावला आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. फोटोताईनं हा आवाज पूर्वी कधी ऐकलाच नव्हता. मोठा नाही, पण असा की ऐकणाऱ्यानं हातातलं टाकून ऐकावं.

"चार नंबरपाशी कोण आहे?"

"मुकादम बोलतोय. तुम्ही कोण?"

"फाट्याचा केबिनवाला."

"केबिन तर बंद झाली ना?"

"झाली. म्हणूनच हात जोडून सांगतोय. माझा त्याच्यावर आता काही हक्क नाही. पण मला तो एकदा पडलेला बघायचाय. माझी लेक फोटो घेतेय. तार तुम्ही सोडलीत, ते बरोबरच केलंत. आता हातानं पाडावा लागेल."

 मग मुकादम म्हणाला, "हातानं म्हणजे वर चढून?"

"वर चढून."

"काका, किती वर्षं होतात तुम्ही तिथं?"

"छत्तीस."

"धरा फोन," मुकादम म्हणाला. लगेच तो दुसऱ्या कुणावर तरी खेकसला, "अरे विझव ते! मी चढतोय वर."

खिडकीतून दिसत होतं सगळं. एक पिवळा ठिपका शिडीनं वर चढला. टोकाशी पोचला. एका हातानं खांब कवळला, दुसरा हात फळीवर टाकला आणि सगळं वजन तिच्यावर दिलं. फळी आधी हलेना. मग हलली, आणि तिरकी होत होत, सावकाश, पाण्याच्या टाकीवर टेकली.

"पडला," अण्णा म्हणाले.

फोटोताईनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दहा वेळा दाबलं. चौकटीत विजेचे खांब होते, झाड होतं, एक म्हैस होती, वाळत घातलेले कपडे होते, आणि जन्मात पहिल्यांदा तिला त्यातलं काहीही काढून टाकावंसं वाटलं नाही.

फोनमधून मुकादमाचा आवाज आला. "झालं का हो? हात भरून आला माझा!"

"झालं, झालं!" फोटोताई ओरडली. अण्णा मात्र फोनमध्ये म्हणाले, "आता त्याला आडवा करा. गाडी नसताना पडलेला ठेवू नये." मुकादमानं ब्र न काढता हात आडवा केला, मग उतरला. पुढच्या दहा मिनिटांत चार नंबर दोरानं अलगद खाली आला. अण्णांनी तो खाली येईपर्यंत बघितलं, लिव्हर परत जागेवर लोटली, फडक्याची घडी घालून ठेवली आणि केबिनवालीला म्हणाले, "त्या चहाचं काय झालं?"

दुपारी फोटोताईनं स्टुडिओत फोटो छापला. चांगला मोठा. अण्णा पलंगावर पाय पसरून बसले होते, गुडघ्याला गरम पिशवी. तिनं फोटो त्यांच्या हातात दिला आणि उभी राहिली. त्यांनी चष्मा चढवला. बराच वेळ बघत राहिले. 

"काय झालं? आता काय चुकलं?"

"हा कोण लोंबतोय माकडासारखा?"

"अण्णा! तो मुकादम आहे!"

"माहीत आहे गं. भला माणूस." अण्णा हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसायचे होते म्हणून काढला. लपवलं नाही त्यांनी. "तुझी आई विचारायची, दिवसभर तिथं बसून बघता तरी काय? मी सांगायचो, टाकी आहे, झाडं आहेत, सिग्नल आहे. ती म्हणायची, एवढंच? मला काही नीट सांगता यायचं नाही. आणि वर नेऊन दाखवायची सोय नव्हती. छत्तीस वर्षं मी जे बघितलं, ते माझ्या घरातल्या एकालाही माहीत नव्हतं. आज तुला माहीत झालं."

 फोटोताई पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनं बापाचा हात धरला. लिव्हर धरून धरून तळवा अजून कडक होता. दोघं फोटोकडं बघत बसले. त्यांनी तिला म्हैस दाखवली, ती आधीच्या म्हशीची नात असणार म्हणाले. कपडे कुणाच्या घरचे तेही सांगितलं.

मग एकाएकी अण्णा उठले. गरम पिशवी बाजूला पडली. काठीही न घेता, फोटो छातीशी धरून, लंगडत लंगडत ते मधल्या दारातून सलूनमध्ये गेले. तिथं दोन गिऱ्हाइकं बसली होती आणि तिसरं खुर्चीवर, अर्ध्या तोंडाला साबण.

"जावईबापू, वस्तरा खाली ठेवा जरा," त्यांचा आवाज स्टुडिओत ऐकू आला. "आणि तुम्ही, हो, तुम्हीच, मान इकडं करा. हे बघा. हे मी बघायचो."

"हे काय आहे, अण्णा?" साबणवाल्यानं विचारलं. "टाकी का?"

"टाकी नंतर. आधी हा हात बघा," अण्णा म्हणाले, आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. तिच्या नवऱ्यानं वस्तरा पुसून ठेवून दिला. साबण वाळणार, हे त्याला दिसत होतं.